चार बाजूंचा संशयकल्लोळ

संगीत नाटकाची जुनी क्यासेट हाताशी आली की माणूस पहिलं काम काय करतो, तर पळवतो. बोलणं आलं की पळव, पद आलं की थांब, पद संपलं की परत पळव. आमच्या गावच्या ‘संशयकल्लोळ’च्या दोन क्यासेटींची गेली कित्येक वर्षं हीच गत चाललीय. १९७६ च्या चैत्री जत्रेत भरलेलं हे नाटक. दोन क्यासेटी, चार बाजू, एकेक बाजू ४५ मिनिटांची. आज त्या यंत्रात घातल्या तर जिथं आण्णांची पदं आहेत तिथं फीत झिजलेली, आवाज मधनंच बुडतो, परत वर येतो. आणि जिथं नुसतं बोलणं आहे तिथं काल भरल्यासारखं स्वच्छ. गावानं काय उगाळलं आणि काय ओलांडलं, याचा हिशेब त्या फितीनं आपला आपणच ठेवलाय.

आता गावच्या मंडळातल्या पोरांनी ठरवलंय की ह्या क्यासेटी संगणकावर चढवायच्या, आवाज साफ करायचा, आण्णांची पदं तेवढी काढून घ्यायची आणि बाकीचं टाकून द्यायचं. जत्रेला देवळावर लावायला बरं, म्हणतात. त्यातला एकजण माझ्याकडं आला. म्हणाला, “तात्या, बोलणं कशाला ठेवायचं? कुत्री भुंकत्यात, पोरं रडत्यात, कायबी कळत न्हाई.” मी म्हटलं, “आधी ऐकू दे.” मग चारी बाजू, एकही जागा न पळवता, तीनदा ऐकल्या. पुढं लिहिलंय ते त्या ऐकण्याचं मत आहे. गावातल्या काही मंडळींना ते रुचणार नाही, पण मत विचारल्यावर देणं भाग आहे.

आधी नाटकाविषयी. ‘संशयकल्लोळ’ हे गोविंद बल्लाळ देवलांचं. देवल हरिपूरचे. कृष्णा आणि वारणा जिथं मिळतात, संगमेश्वराचं देऊळ आहे, ते हरिपूर. आमच्या गावापासनं सायकलनं तासाभराची वाट. हळदीच्या दिवसांत आमच्याकडच्या बैलगाड्या तिकडं जायच्या, कारण हरिपुरात जमिनीत खोल खणलेली हळदीची पेवं होती. त्यामुळं देवल आम्हाला पुस्तकातले वाटत नसत. आपल्या वाटेवरचा माणूस, एवढीच ओळख गावाला पुरेशी होती.

पण नाटकाचं मूळ हरिपूरचं नव्हे. १६६० साली पॅरिसमध्ये मोलिएरनं एक छोटं प्रहसन केलं. एका तरुणीच्या हातनं प्रियकराची तसबीर पडते, ती दुसऱ्याच कुणाच्या बायकोला सापडते, आणि नवरा ती बायकोच्या हातात बघतो. एवढ्यावर सगळा गोंधळ. त्यावरनं १७६१ साली लंडनमध्ये आर्थर मर्फीनं पाच अंकी नाटक रचलं. मर्फीवरनं देवलांनी ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ केलं, ते गद्य होतं. पुढं त्यातच पदं घालून ‘संगीत संशयकल्लोळ’ झालं आणि १९१६ साली गंधर्व नाटक मंडळीनं ते रंगभूमीवर आणलं. गणपतराव बोडस फाल्गुनराव आणि बालगंधर्व रेवती. देवल त्याच वर्षी जूनमध्ये वारले होते. हा क्रम ध्यानात ठेवायचा, कारण माझं निम्मं म्हणणं त्यावर उभं आहे. हे नाटक आधी बोलायचं होतं, गायचं नंतर झालं. पदं वजा केली तरी नाटक उरतं. बोलणं वजा केलं तर नुसता गाण्याचा कार्यक्रम उरतो.

देवलांनी पात्रांना नावं दिलीत ती पंचांगातली. पुरुष सगळे महिने: फाल्गुनराव, अश्विनशेठ, वैशाखशेठ, भादव्या. बायका नक्षत्रं: कृत्तिका, रेवती. शहरातल्या प्रेक्षकाला ही गंमत कळते, पण ती कागदावरची. आमच्या माणसांचं सगळं वर्ष ह्याच नावांवर चालायचं. कृत्तिका म्हणजे मेमधलं भाजून काढणारं ऊन, पुढं रोहिणी, मग मृग, मग पेरा. त्यामुळं पहिल्या बाजूवर फाल्गुनराव “कृत्तिके!” म्हणून हाक मारतो तेव्हाच बायकांच्या बाजूनं हसू फुटतं. बायको तापट आहे हे त्यांना नावावरनंच कळलं. भादव्याच्या नावाला पुरुषांकडनं जे हसू येतं, त्याचं कारण शेतकरी वाचकाला सांगायला नको.

आता ध्वनिमुद्रणाविषयी. ते आमच्या फौजी काकानं केलं. रजेवर येताना त्यानं एक परदेशी टेपरेकॉर्डर आणला होता. गावात लाईट होती, पण जत्रेच्या रात्री तिचा भरवसा कुणी धरत नसे. म्हणून यंत्रात मोठे सेल घातले आणि ते रंगमंचाच्या कडेला, पेटीवाल्याच्या शेजारी ठेवलं. त्याचे परिणाम चारी बाजूंवर आहेत. पेटी फार मोठी आलीय, भात्याचा श्वाससुद्धा ऐकू येतो. तबला लांबचा. वर गॅसबत्त्यांचा सूं आवाज सतत. बत्ती उतरली की कुणीतरी हवा मारतो, तोही आवाज आहे.

त्या यंत्राची आणखी एक खोड होती. ते आवाज आपला आपण सांभाळायचं. मोठा आवाज आला की कान झाकून घ्यायचं, शांत झालं की कान टवकारायचं. त्यामुळं मंडपात हशा पिकला की पुढची दोन वाक्यं दबली जातात. उलट कुणी बोलेनासं झालं की बत्तीचा सूंकारा मोठा होत जातो, आणि लांबचं काहीबाही जवळ येतं: बैलाच्या गळ्यातलं घुंगूर, पोराची किरकिर, पाळण्याच्या दांड्यांची कुरकुर. पोरं ज्याला घाण म्हणतात ती ही. पण ह्याच खोडीमुळं ह्या क्यासेटीवर एक अशी जागा आलीय की जिच्यासाठी मी हे सगळं लिहितोय. तिच्याकडं येतोच.

नाटक रात्री दहाला लागलं ते पहाटे साडेतीनपर्यंत चाललं. कोऱ्या क्यासेटी दोनच. म्हणजे साडेपाच तासांचं नाटक तीन तासांत बसवायचं. काकानं काय केलं, तर ‘वन्स मोअर’ आला की यंत्र बंद केलं. क्यासेटीवर पद संपतं, शिट्ट्या, “वन्स मोअर, वन्स मोअर,” आणि खट्. पुढचा आवाज येतो तो थेट बोलण्याचा. काकाला विचारलं तर म्हणायचा, “एकदा ऐकलंय की. तेच परत कशाला भरायचं?” आण्णांच्या घरच्यांनी ह्यावरनं त्याला पुढची दोन वर्षं जत्रेचं जेवण सांगितलं नाही. पण मला विचाराल तर काका हा ह्या नाटकाचा पहिला समीक्षक. त्यानं कसलं पुस्तक वाचलं नव्हतं. नाटक पुढं सरकतंय कुठं आणि थांबतंय कुठं, हे त्याला फितीच्या काटकसरीनं शिकवलं.

आता आण्णा. अश्विनशेठ आण्णांचा. आवाज खरंच गोड, मोकळा, वरच्या षड्जावर गेला तरी ताण दिसत नाही. त्या काळी आमच्या भागात अश्विनशेठ म्हणजे छोटा गंधर्वांचा. रेडिओवर त्यांची पदं लागली की लोक हातातलं काम ठेवायचे. आण्णांनी त्यांना पुष्कळ ऐकलंय हे पहिल्या पदालाच कळतं. जागा तीच घेतात, मुरकी तीच, श्वाससुद्धा तिथंच सोडतात. शेतात राबणाऱ्या माणसानं एवढं उचललं, त्याला मान दिलाच पाहिजे. पण उचललेलं गाणं गाताना आण्णा अश्विनशेठ राहत नाहीत. अश्विनशेठच्या मनात संशय आलाय, त्या बेभानपणात तो गातोय, असं दुसऱ्या बाजूवर एक पद आहे. आण्णा ते बसल्या मैफलीसारखं गातात. तान घेतात, थांबतात, वाहवा पोचू देतात, मग पुढची तान. संशयानं पेटलेला माणूस वाहवा कशाला ऐकत बसेल? पद संपल्यावर ते पुन्हा बोलू लागतात तेव्हा संशय थंड झालेला असतो, आणि समोरच्या नटाला तो परत पेटवायला तीन-चार वाक्यं खर्चावी लागतात. हे चारी बाजूंवर होतं.

आण्णांविषयी गावात एक कथा आहे. सुरुवातीला ते काळी एकात गात होते आणि पहाटे शेवटचं पद त्यांनी काळी दोनात म्हटलं. रात्र चढेल तसा आवाज चढणारा माणूस, असं म्हणतात. पुरावा म्हणून चौथी बाजू लावतात. चौथी बाजू मी नीट ऐकली. पद खरंच काळी दोनाच्या आसपास वाजतं. पण शेजारची पेटीसुद्धा तेवढीच चढलीय. गवयाचा आवाज चढेल एकवेळ, पेटी चढत नसते. तिचे सूर मिरजेत कारागिरानं बसवलेले, ते एका रात्रीत हलायचे नाहीत. आणखी ऐका: हशाही बारीक आलाय, कुत्रीसुद्धा बारीक भुंकतात, फाल्गुनराव घाईत बोलल्यासारखा वाटतो. खरी गोष्ट अशी की पहाटेपर्यंत सेल उतरले. सेल उतरले की यंत्राची मोटर मंदावते, फीत हळू सरकते. हळू भरलेली फीत मागनं नेहमीच्या वेगानं वाजवली की सगळ्यांचाच आवाज चढतो. त्यात आण्णांचा दोष नाही आणि करामतही नाही. पोरं संगणकावर चढवणार असतील तर चौथ्या बाजूचा वेग पेटीच्या सुराला धरून उतरवून घ्यावा. मग पहाटेचे खरे आण्णा ऐकू येतील: दमलेले, घसा थोडा बसलेला, तरी सुरात. मला ते जास्त आवडतील.

चारी बाजूंवरचं चांगलं गाणं शोधाल तर ते रेवतीचं आहे. हे गावात कुणी म्हणत नाही. रेवतीला सांगलीहून एक बाई ठरवून आणली होती. त्या काळी जत्रेच्या नाटकाला असंच चालायचं. बाई दुपारच्या एसटीनं आली, संध्याकाळी एक तालीम झाली, रात्री उभी राहिली, सकाळी बिदागी घेऊन गेली. आमच्या लोकांच्या बोलण्यात ती आजही “ती सांगलीची बाई”. नाव हँडबिलावर असणार, हँडबिल कुणी ठेवलं नाही. तिचा आवाज काही फार मोठा नाही, थोडा नाकातला. पण शब्द एकूण एक कळतो. ती तान घेते ती आखूड, शब्दाच्या पोटातली, आणि पद संपवताना शेवटचा शब्द गाऊन न सोडता बोलून टाकते. त्यामुळं पदातनं बोलण्यात कधी उतरली ते समजतसुद्धा नाही. टाळी वाजायला फट राहत नाही. म्हणूनच तिला ‘वन्स मोअर’ एकच मिळाला, आणि म्हणूनच काकाच्या यंत्राला तिच्या पदांत एकदाच खट् करावं लागलं. फक्त आण्णांची पदं ठेवली तर ह्या बाईचा ह्या गावातला शेवटचा माग पुसला जाईल. पोरांनी आधी ह्याचा विचार करावा.

कृत्तिकेचं काम गावातल्याच एका कॉलेजात जाणाऱ्या पोरानं केलं. पहिली बाजू त्याची वाईट आहे. उसना बारीक आवाज, मान वेळावल्यासारखं बोलणं, पुरुषांच्या बाजूचं हसू मिळवायची धडपड. ते हसू मिळतंही. पण तिसऱ्या बाजूवर नवऱ्याशी भांडताना त्याला राग आवरत नाही आणि उसना आवाज गळून त्याचा स्वतःचा निघतो. मंडपात मोठा हशा. हशा ओसरल्यावर ऐका. पोरगं सावरायचं सोडून त्याच आवाजात पुढं बोलत राहतं, आणि बायकांची बाजू एकदम गप्प झालेली असते. तोवर कृत्तिका म्हणजे नवऱ्यावर डोळा ठेवणारी कजाग बाई, एवढंच दिसत होतं. आता कळतं की तिचं म्हणणं सरळ आहे. तिनं नवऱ्याला परक्या बाईला सावरताना बघितलंय, त्यामुळं ती विचारतेय. दोघांच्या संशयाचं वजन देवलांनी सारखं ठेवलंय. पण पुरुष नट बायकी आवाज काढून हसवू लागला की ते एका बाजूला कलतं. त्या पोराच्या रागानं ते काही मिनिटं सरळ झालं.

भादव्याचं काम करणारा गडी जत्रेतला पट्टीचा सोंगाड्या. सगळ्यात मोठे हशे त्याचेच आहेत. नाटकात नसलेलं पुष्कळ काही तो घुसवतो: उसाच्या काट्याविषयी, पाण्याच्या पाळीविषयी, गावातल्या कुणाच्या म्हशीविषयी. त्या रात्री मंडप डोक्यावर घेतला लोकांनी. आज ऐकताना त्यातलं काही उमगत नाही. कुठली म्हैस, कुणाची, ती का हरवली, सांगणारं कुणी उरलं नाही. मोठा हशा ऐकू येतो आणि आपण बाहेर उभे राहतो. त्याच बाजूवर देवलांच्या मूळ बोलण्याला आलेला हशा मात्र आजही लागू पडतो, आजची पोरं त्याच जागी हसतात. हशाच्या आवाजावरनं विनोद मोजू नये, हे मी ह्या गड्याकडनं शिकलो. तरी त्याची म्हैस कापू नये. तेव्हाचं गाव कशाला हसत होतं, हे सांगणारी दुसरी चोपडी आपल्याकडं नाही.

आणि आता फाल्गुनराव. हे काम गावच्या टेलरमास्तरांनी केलं. आवाज तंबाखूनं घोगरा, गाणं येत नव्हतं. पदं कमी आहेत म्हणूनच त्यांना हे काम दिलं, असं लोक म्हणायचे. माझ्या मते ह्या दोन क्यासेटींची किंमत मास्तरांच्या बोलण्यात आहे. फाल्गुनरावाचं काम करताना बहुतेक नट एक चूक करतात, ते आधीपासूनच विनोदी असतात. डोळे फिरवतात, आवाज कापरा करतात. मास्तर तसलं काही करत नाहीत. त्यांचा फाल्गुनराव गंभीर आहे, व्यवहारी आहे, पुरावा मागणारा आहे. संशय वाढेल तसा ते आवाज चढवत नाहीत, उतरवतात. पहिल्या बाजूवर ते हाक मारून बोलतात, तिसऱ्या बाजूवर पुटपुटतात. मापं घेताना टेलर आकडे पुटपुटतो ना, तसं. एकेक पुरावा टेप लावून मोजल्यासारखा ते स्वतःशी बोलतात, आणि प्रत्येक माप चुकीचं निघतंय हे आपल्याला दिसतं, त्यांना दिसत नाही. हसू तिथनं येतं.

ती जागा तिसऱ्या बाजूच्या मध्याच्या जरा पुढं आहे. तसबीर आता फाल्गुनरावाच्या हातात आहे. बायकोच्या हातात परक्या पुरुषाची तसबीर सापडलीय, आणि तो ती एकटाच निरखतोय. मास्तर एक वाक्य बोलतात आणि थांबतात. मी घड्याळ लावून मोजलं, १४ सेकंद कुणी बोलत नाही. संगीत नाटकात १४ सेकंद गप्प राहायचं धाडस मोठमोठ्यांना होत नाही. पेटीवाल्यालाही वाटलं असणार की मास्तर विसरले, कारण तो एक सूर दाबतो आणि सोडून देतो. यंत्र कान टवकारतं. बत्तीचा सूंकारा मोठा होतो. लांब बैल मान हलवतो. एक पोरगं विचारतं, “काय झालं?” कुणीतरी त्याला गप्प करतं. आणि मग बायकांच्या बाजूनं, अगदी यंत्राच्या तोंडाशी बसल्यासारखा, एका म्हातारीचा आवाज येतो: “आरं मुडद्या, तिलाच इच्चार की!”

क्षणभर काही नाही. मग हशा येतो तो असा की यंत्र पार दबून जातं, चार-पाच वाक्यं ऐकूच येत नाहीत. यंत्र पुन्हा कान उघडतं तेव्हा मास्तर आपल्या जागी आहेत. त्यांनी म्हातारीला उत्तर दिलेलं नाही, टाळी घेतलेली नाही. भादव्यानं म्हशीची गोष्ट लावली असती. मास्तर फक्त “हं” करतात, जणू म्हातारीचं बोलणं फाल्गुनरावाच्या कानावर पडलं आणि त्यानं ते विचार करून नाकारलं, आणि पुढच्या पुराव्याकडं वळतात.

म्हातारीनं तीन शब्दांत नाटक सांगितलं. मोलिएरपासनं देवलांपर्यंत हे प्रहसन एवढ्याच गोष्टीवर उभं आहे की ज्याला विचारायचं त्याला कुणी विचारत नाही. नवरा बायकोला विचारत नाही, नोकराला विचारतो. अश्विनशेठ रेवतीला विचारत नाही, तसबिरीला विचारतो. पहिल्याच अंकात कुणी सरळ एक प्रश्न केला असता तर पडदा पडला असता. पॅरिस, लंडन आणि हरिपूर अशी वळणं घेत ही गोष्ट आमच्या मंडपात आली, आणि निरक्षर म्हातारीनं तिची गाठ कुठं आहे ते बरोबर दाखवलं. आणि मास्तरांचा फाल्गुनराव किती खरा होता, याचं दुसरं प्रशस्तिपत्र नको. खोट्या माणसाला कुणी सल्ला देत नाही.

आता सांगा, हे तबकडीवर कसं मावलं असतं? जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांची. त्यात पद बसतं, तेही तासून घेतलेलं. रंगमंचावर जे पद ‘वन्स मोअर’ घेत घेत अर्धा तास चालायचं ते गवयानं तबकडीसाठी तीन मिनिटांत आवरलं, आणि त्यातनं काही रत्नं आपल्याला मिळाली. त्याचं ऋण आहेच. पण संशय तीन मिनिटांत बसत नाही. संशय वाढायला वेळ लागतो, मधे कंटाळाही लागतो, माणसं यावी-जावी लागतात. तबकड्यांनी पदं घरोघरी पोचवली आणि त्याबरोबर एक समजही पोचवला की संगीत नाटक म्हणजे पदं. बोडसांचा फाल्गुनराव गाजला तो गाण्यासाठी नव्हे. त्यांनी पुढं ‘माझी भूमिका’ म्हणून आत्मचरित्र लिहिलं. पण नटाचं थांबणं पुस्तकातनं ऐकू येत नाही. आमच्या ह्या खरखरत्या क्यासेटीवर एका टेलरचं थांबणं ऐकू येतं.

पोरं साफ करायची म्हणतात म्हणजे काय करणार, तेही मी विचारून घेतलं. गॅसबत्तीचा आवाज काढायचा, शांत जागा कापायच्या, प्रेक्षकांचा गलका खाली आणायचा. तसं केलं तर पहिलं जाईल ते मास्तरांचं १४ सेकंदांचं थांबणं, कारण संगणकाला ती रिकामी जागा दिसेल. म्हातारी गलक्यात जमा होईल. उरतील आण्णा, छोटा गंधर्वांच्या जागा घेणारे. त्या जागा ऐकायच्या तर मूळ छोटा गंधर्व आहेत की. आण्णांचाही ह्यात मान राहत नाही. आपल्या माणसाला नेहमी दुसऱ्याच्या शेजारी उभं करून मापायचं, हा कसला मान?

क्यासेटीत दोष आहेत, ते मी लपवत नाही. दुसऱ्या बाजूचा मधला भाग २००५ च्या पुरात भिजला. पाणी माळ्यापर्यंत चढलं नाही, पण ओल चढली, आणि फितीवर पांढरी बुरशी धरली. तिथली सहा-सात मिनिटं गेल्यात जमा आहेत. बाजू उलटताना तीनदा नाटक तुटतं, एकदा तर ऐन उलगड्याच्या वाक्यावर. आणि नाटक म्हणून बघितलं तर शेवटचा अंक पार घाईत गुंडाळलाय. पहाट झाली होती, बायकांना दुधाची घाई होती. बाहेरच्या कुणाला ही क्यासेट ‘संशयकल्लोळ’ची ओळख म्हणून द्यावी असं मी म्हणणार नाही. त्याला चांगला प्रयोग दाखवावा.

पण गावासाठी माझं मत असं. चारी बाजू अखंड चढवाव्यात, शांत जागांसकट. बत्तीचा आवाज थोडा उतरवला तर चालेल, काढू नये. चौथ्या बाजूचा वेग पेटीला धरून सरळ करावा. ती एक प्रत जशीच्या तशी ठेवून मग देवळावर लावायला आण्णांची पदं वेगळी काढा, हवी तेवढी काढा. त्यात सांगलीच्या बाईची दोन पदं घाला. जत्रेच्या आधी वाचनालयाच्या खोलीत एक दिवस तिसरी बाजू लावावी आणि पोरांना सांगावं, मधे बटण दाबायचं नाही. ‘वन्स मोअर’च्या जागी खट् झालं तर काकाला शिव्या देऊ नका. त्यानं वाचवलेल्या फितीवरच मास्तर थांबलेत.

म्हातारी कुणाची, हे मी अजून विचारतोय. आवाजावरनं दोन घरांनी आपली म्हणून सांगितलंय. दोन्ही घरं एकमेकांवर नाराज आहेत.